हॅल्सडेनच्या नऊ जणी

"तुम्ही त्याच ना, पुस्तकं लिहायच्या त्या?"

जोडे दुरुस्त करण्याच्या दुकानातल्या मिसेस लोइझूनं हे अगदी मायेनं विचारलं होतं. काळ्या बुटांची जोडी तिनं कागदात गुंडाळली, वर दोरा आवळला आणि गाठ मारता मारता मान वर करून आयव्ही मॉसक्रॉपकडे असं पाहिलं, जसं बंद पडलेल्या चांगल्या घड्याळाकडे पाहतात. आयव्हीनं तोंड उघडलं. 'लिहायच्या' नव्हे बाई, 'लिहितात'. एवढंच सांगायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांतली क्रियापदं सरळ करत आलेल्या बाईला ते जड जायला नको होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "हो. त्याच." आणि ती पुडकं काखेत मारून बाहेर आली. केंटिश टाउनच्या फुटपाथवर भाजीवाल्यांनी कोबीची पानं टाकली होती, त्यांवरून जपून पाय टाकताना तिला स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं गरम झाली. त्या बाईचा काय दोष? सहा वर्षांत नवीन पुस्तक नाही. प्रकाशकाकडचा तो नवा मुलगा तिच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतो, जणू ती परक्या देशातून आली आहे. गुडघे सकाळी उठायला नको म्हणतात. हे सगळं खरं. पण 'हो' म्हणायची काय गरज होती? कुणी विचारायचा अवकाश आणि आपण आपल्या हातानं आपल्याला भूतकाळात ढकलून मोकळ्या. चांगलं वळण लागलेल्या बायकांचा हा रोग. दार आपल्या तोंडावर आपटलं तरी आपणच 'माफ करा' म्हणायचं.

बस स्टॉपवर बाकावर बसून तिनं जुने बूट काढले, दुरुस्त केलेले घातले आणि जुने पिशवीत कोंबले. शेजारचा माणूस वर्तमानपत्राआडून बघत होता. बघू दे. काळे बूट, काळा कोट, कोटाला कापराचा वास. गेल्या दोन-तीन वर्षांत हा कोट कपाटात परत जाऊन नीट निवांत टांगला गेलाच नव्हता. कुणी ना कुणी जातच होतं. आज सर अँब्रोज केटलवेल. म्हणजे ते गेले महिन्यापूर्वीच, दफन गावाकडे घरच्यांत झालं. आज वर्तमानपत्रांच्या रस्त्यावर, फ्लीट स्ट्रीटमधल्या पत्रकारांच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होती. 'ईव्हनिंग लँटर्न'चे बावीस वर्षं संपादक, नंतर सर, नंतर टेलिव्हिजनवर दर रविवारी डुलणारी ती पांढरी भुवई. त्यांच्या मुलाचा, ह्यूगोचा, गेल्या आठवड्यात फोन आला होता. बँकेत आहे तो. आवाज असा, की प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घालून समोर ठेवतोय. "मिस मॉसक्रॉप, बाबा तुमच्याबद्दल नेहमी बोलायचे. तुम्ही दोन मिनिटं बोलाल का? काहीतरी हलकंफुलकं. जुन्या दिवसांतली एखादी गंमत. आईला जास्त जड काही सोसायचं नाही." ती हो म्हणाली होती. त्याही वेळी हो. फोन ठेवल्यावर तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळून उकळून आटेपर्यंत किटलीच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे बघत उभी राहिली होती.

बस आली. ती खालीच, दाराजवळ बसली. हलकंफुलकं. तशा गमती होत्या की ढीगभर. लढाईच्या दिवसांत ती हॅल्सडेनहून लंडनला आली. लँकशरमधलं ते सूतगिरण्यांचं गाव. वडील ट्रामवर कंडक्टर, आई मागावर. मागाच्या खडखडाटानं आईचे कान तिशीतच गेले होते, त्यामुळे घरात सगळं ओरडून चालायचं, अगदी 'मीठ दे' सुद्धा. गावच्या साप्ताहिकात आयव्ही लग्नं आणि फुलांची प्रदर्शनं लिहायची. पुरुष सगळे लढाईवर गेलेले म्हणून 'लँटर्न'मध्ये जागा होती. अँब्रोजनं तिची कात्रणं दोन बोटांत धरून पाहिली होती, सिगारेटची राख झटकावी तशी बाजूला केली होती आणि विचारलं होतं, "ट्राम उलटली. तू तिथे आहेस. पहिलं वाक्य काय?" ती म्हणाली होती, "कंडक्टर माझे वडील असतील तर आधी ते कुठे आहेत ते बघीन." तो हसला नव्हता. "सोमवारी ये," म्हणाला होता. बॉम्ब पडलेल्या रस्त्यांवरून तिनं बातम्या दिल्या; तळघरांत झोपून, विटांच्या धुळीनं माखलेल्या पावाचे तुकडे खाऊन. एकदा रात्रपाळीच्या गाडीत त्यानं तिला स्वतःचा मफलर दिला आणि परत घेतला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी आई गेली तेव्हा त्यानं आपली मोटार स्टेशनपर्यंत पाठवली. विशेषणं कशी खुडायची ते तिला त्यानं शिकवलं. हे सगळं खरंच होतं. तो वाईट माणूस असता तर किती सोपं गेलं असतं! वाईट माणसाच्या प्रार्थनेला माणूस जात नाही, घरी बसून अंडं उकडून खातो.

लढाई संपली, पुरुष परत आले, आणि एका सकाळी तिचं टेबल खिडकीजवळून उचलून जिन्याखाली ठेवलेलं होतं. महिलांचं पान. "तात्पुरतं आहे, पोरी," अँब्रोज म्हणाला. तिनं टोप्यांवर लिहिलं, पुडिंगवर लिहिलं, रेशनच्या साखरेत केक कसा करावा त्यावर लिहिलं. एकावन्न सालच्या मे महिन्यात त्यानं तिला बोलावून सांगितलं, "तुझ्या गावाला जा. तिकडे एक मोठी लॉन्ड्री आहे म्हणे, बड्या हॉटेलांच्या चादरी लंडनहून तिथे जातात. चादरी पांढऱ्याशुभ्र कशा ठेवाव्यात त्यावर लिही. बायकांना आवडेल." ती शुक्रवारी गेली. त्या लॉन्ड्रीत पाऊल ठेवताच खळीचा, निळीचा आणि ओल्या उबेचा वास नाकात भरला आणि तिला आईच्या मानेचा वास आठवला. चाळीसेक बायका. उघडे दंड भाजल्यासारखे लाल. तिचा लंडनचा कोट बघून त्यांनी तिला असं धारेवर धरलं की बस.

"आली बघा साहेबाची बायको! बाई, लंडनात काय कपडे आपोआप धुतले जातात?"

"अगं, ती ट्रामवाल्या मॉसक्रॉपची आयव्ही. नाकातून शेंबूड गळायचा हिच्या, आठवतंय का?"

"अजून गळतोय. फक्त आता रुमाल रेशमी आहे."

शेवटचं बोलली ती एल्सी गार्थवेट, शाळेत तिच्या पुढच्या बाकावर बसणारी. इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून नुसत्या आवाजावरून ती ताप ओळखायची. फ्लॉरी आणि नेली बिब्बी ह्या बहिणी चादरीची दोन टोकं धरून अशा झटकायच्या, की चादर हवेत क्षणभर थांबल्यासारखी दिसायची. मागच्या बाजूला एक दार होतं, त्याला बाहेरून अडसर. आयव्हीनं सहज विचारलं, हे का बंद? "आम्ही सिगारेट ओढायला पळतो म्हणून," एल्सी म्हणाली. "मालकांना वाटतं आम्ही पळालो की परत येणार नाही." "कुठे पळणार गं? लंडनला?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. बॉयलरजवळच्या म्हाताऱ्यानं आपणहून दाखवलं होतं, की वाफ सोडायच्या झडपेवर तारेनं एक लोखंडी वजन बांधलंय. झडप उघडली की वाफ वाया जाते आणि काम मागे पडतं, म्हणून. वर्ष झालं म्हणाला. तिनं ते ऐकलं. ऐकून ती पुन्हा खळीचं प्रमाण विचारायला एल्सीकडे गेली.

सोमवारी सकाळी ती आईच्या घरी टोस्ट खात होती. आवाज मोठा नव्हता, जमिनीखालून कुणीतरी खांदा मारावा तसा होता, पण ठार बहिऱ्या आईनं हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काय झालं?" आयव्ही धावली. त्याआधी आणि त्यानंतर तिनं पुष्कळ पाहिलं, त्याबद्दल लिहिलंही, पण त्या सकाळचं तिला जे आठवतं त्यात माणसं फार थोडी आहेत. रस्त्याच्या कडेच्या झाडांवर पडलेल्या चादरी आठवतात. त्या पांढऱ्याशुभ्र होत्या. मागच्या दाराचा अडसर काढायला कुणाचाच हात लागत नव्हता, कारण तो तापून लाल झाला होता. पुढच्या दारानं सुटलेल्या बायका रस्त्यात बसून एकमेकींची नावं घेत होत्या, मोठमोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखी. ज्यांच्या नावाला ओ आली नाही त्या नऊ.

बस होबर्नपाशी अडकली. ड्रायव्हर खिडकीतून एका व्हॅनवाल्याला त्याच्या आजीपासूनचं सगळं ऐकवत होता. आयव्हीनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. त्या रात्री ती गाडीनं परत आली आणि पहाटेपर्यंत टाइप करत बसली. झडप, वजन, अडसर, नऊ नावं. प्रत्येकीचं वय, गल्ली, आणि शुक्रवारी ती काय म्हणाली ते. अँब्रोजनं उभ्या उभ्या वाचलं. शेवटचं पान वाचताना त्याचा हात खाली गेला आणि त्यानं खुर्ची ओढून घेतली.

"हे चांगलं आहे," तो म्हणाला. "तू लिहिलेलं सगळ्यात चांगलं."

"मग पहिल्या पानावर?"

"लॉन्ड्रीचा मालक आणि आपला मालक एकाच टेबलावर जेवतात, आयव्ही. मला वरून फोन आलाय. सकाळीच."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, चौकशी व्हायची आहे. घाई नको."

"चौकशीत काय निघेल ते तुम्हाला माहीत आहे."

"मला हेही माहीत आहे की इथे तीनशे माणसं पगार घेतात. तूही घेतेस."

त्याच्या टेबलावर जाड लोखंडी काटा उभा असे. जो मजकूर छापायचा नाही तो त्यात खोचायचा. त्यानं तिचे कागद नीट जुळवले, कडा एकसारख्या केल्या, हे तिला विशेष आठवतं, आणि काट्यावर दाबले. टोक वर निघालं तेव्हा 'टच्' असा बारीक आवाज झाला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन ओळी आल्या: उत्तरेत लॉन्ड्रीत अपघात, काही महिला कामगार मृत. चौकशीत अपघातच ठरला. आणि चादरी पांढऱ्या कशा ठेवाव्यात? तेही तिनं लिहून दिलं. ते छापून आलं. खळीचं प्रमाण एल्सीनं सांगितलेलं होतं.

ते कागद तिनं काट्यावरून परत उपसले नाहीत. गरजच नव्हती, सगळं पाठ होतं. नोकरी सोडून आपण ताठ मानेनं बाहेर पडलो, असं लोकांना तिच्या तोंडून ऐकायला आवडलं असतं, पण ती बाहेर पडली नाही. सकाळी कामावर जाण्याआधी ती पुस्तक लिहायची, हातमोज्यांची बोटं कापून, कारण खोलीत विस्तव नसे. 'सोमवारचं धुणं'. छापायच्या आधी ती हॅल्सडेनला घरोघरी गेली. घरं आठ, बिब्बी बहिणींचं एकच; सगळी कंपनीच्या चाळीत, कंपनीच्या भाड्यानं. एल्सीच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "लिही बाई, लिही. लिहायलाच पाहिजे. पण तिचं नाव घालू नकोस. तोंड उघडलं तर घर सोडावं लागेल असं सांगून गेलेत. मला अजून तीन पोरं आहेत." सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. तेव्हा तिनं नावं बदलली. गावाचं, लॉन्ड्रीचं आणि त्या नऊ जणींचंही. एल्सीची रोझ झाली. आणि पुस्तक खपलं. असं खपलं की तिचा घाबरट प्रकाशक पेरेट आनंदानं रडला. लोक रोझसाठी रडले. ब्रिस्टलच्या एका बाईनं आपल्या मुलीचं नाव रोझ ठेवलं आणि तसं कळवलं. मग कालवे खणणाऱ्यांच्या बायका, फौजेचे आचारी, रेल्वेच्या बोगद्यात राबलेली माणसं. एकामागून एक पुस्तकं आली. रेडिओवर भाषणं झाली, शाळांतून बोलावणी आली. ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकानं लिहिलं की मिस मॉसक्रॉप इतिहास लिहीत नाहीत, इतिहासाशी गप्पा मारतात. हे ती स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगायची. पण त्याच प्राध्यापकानं पुढे जन्ममृत्यूच्या नोंदी धुंडाळून जाहीर केलं, की 'सोमवारचं धुणं'मधल्या एकाही बाईचा कुठे पत्ता नाही. ही सगळी करुण, सोयीस्कर, कल्पित माणसं. ते मात्र तिनं कुणालाच हसून सांगितलं नाही. उत्तर जिभेवर होतं. एका वाक्यात त्या माणसाचं तोंड बंद झालं असतं आणि आठ घरांना कुलुपं लागली असती. ती गप्प बसली. वर्षानुवर्षं सभांतून कुणीतरी उभं राहून विचारायचं, "रोझ खरी होती का हो?" आणि ती म्हणायची, "तुमच्या-माझ्याइतकी." लोकांना ते उत्तर फार सुंदर वाटायचं. त्या टाळ्या ऐकताना तिच्या तोंडात निळीची चव यायची.

अँब्रोज तिच्याशी एकदाच त्याबद्दल बोलला. कुणाच्या तरी निवृत्तीची पार्टी होती, हातात शेरी होती, तो तोवर सर झाला होता. जवळ येऊन, दुसरीकडेच बघत म्हणाला, "सगळी नावं खोटी घातलीस. वाचताना मला पानोपानी खरी आठवत होती." तिनं विचारलं, "म्हणजे तुम्हाला पाठ आहेत?" तो म्हणाला, "दुर्दैवानं," आणि कुणाला तरी हात करून निघून गेला. म्हणजे ह्या अख्ख्या फ्लीट स्ट्रीटमध्ये दोन डोकी होती, ज्यांत ती नऊ नावं जागी होती. गेल्या महिन्यापासून एकच. लॉन्ड्री कधीच बंद झाली; चाळ गेल्या वर्षी पाडली, तिथे आता मोटारी उभ्या करतात. त्या आठ आयांतली शेवटची, अ‍ॅग्नेस डक्सबरीची, ह्या हिवाळ्यात वारली. आता कुणाचं घर जाणार नव्हतं. गप्प बसायला काही कारणच उरलं नव्हतं. उरलं होतं फक्त वळण. तेच ते, 'हो, त्याच' म्हणणारं. बस हलली आणि आयव्ही उतरायला उठून दाराशी उभी राहिली.

चर्चच्या पायऱ्यांवर डेन्झिल प्राइस उभा होता. 'लँटर्न'चा जुना खेळांचा बातमीदार, वेल्सचा, ऐंशीला टेकलेला, काठीवर ओणवा होऊन सगळ्यांवर नजर ठेवून.

"आलीस? मला वाटलं तू येणार नाहीस."

"मीच येणार नाही तर कोण येणार?"

"आत बघ. सगळे परीटघडीचे. दोन मंत्री, एक बिशप. अँब्रोजनं ह्यातल्या अर्ध्यांना शिव्या घातल्या होत्या, उरलेल्यांनी त्याला." मग त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "आयव्ही, तुझा चेहरा मला आवडत नाहीये. ट्राम उलटलेला चेहरा आहे."

"हलकंफुलकं बोलायला सांगितलंय मला."

"मग बोल की. ती मफलरची गोष्ट सांग आणि खाली बस. मेलेल्या माणसाशी भांडण काढून काय मिळतं? तो उत्तर देऊ शकत नाही."

"त्याही नऊ जणी नव्हत्या देऊ शकत," आयव्ही म्हणाली आणि आत गेली.

आत मेणाचा, लिलींचा आणि महागड्या कोटांचा वास. ह्यूगोनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "किती बरं वाटलं. दोन मिनिटं, बरं का. बिशपना तीनची गाडी आहे." पहिल्या रांगेत लेडी कॉन्स्टन्स केटलवेल बसली होती, हाडापेराची, ताठ, काळ्या टोपीखाली कापसासारखे केस. तिला ऐकू फार कमी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओठांवरून शब्द टिपत ती बोलणाऱ्याकडे अशी रोखून पाहायची की माणूस आपणहून वाक्य आवरतं घेई. आयव्हीची आणि तिची ओळख नमस्कारापुरती. आज तिनं नमस्कारही केला नाही, नुसती बघत राहिली.

भजनं झाली. एका मंत्र्यानं अँब्रोजच्या धैर्याबद्दल सांगितलं. सत्ताधाऱ्यांपुढे तो कधी वाकला नाही, म्हणाला. आयव्हीच्या शेजारी डेन्झिल हळूच खोकला. मग तिचं नाव पुकारलं गेलं. पायऱ्या चढताना नव्या तळव्यांचे बूट करकरले आणि एवढ्या मोठ्या दगडी पोकळीत तो आवाज असा घुमला की पुढचे दोघे-तिघे हसले. त्या हसण्यानं तिला बरं वाटलं. तिनं मफलरची गोष्ट सांगितली. ट्राम उलटल्याची सांगितली. लोक मोकळेपणी हसले, बिशपचे खांदेसुद्धा हलले, आणि ह्यूगोनं समाधानानं मान हलवून घड्याळाकडे पाहिलं. इथेच थांबता आलं असतं. पायऱ्या उतरून खाली जायचं, शेरी, काकडीचे सँडविच, 'किती छान बोललात'. तिला ती सगळी संध्याकाळ समोर दिसली, शेवटच्या घोटापर्यंत, आणि घरी परतल्यावर चालू करायची किटलीही दिसली.

"अँब्रोजनं मला घेतलं तेव्हा," ती म्हणाली, "एक गोष्ट बजावून सांगितली होती. बाकी काहीही चुकव, पण माणसाचं नाव चुकवायचं नाही. नाव चुकलं तर त्याच्याजवळ उरलं काय? मी त्याच्या हाताखाली शिकले आणि त्याबद्दल जन्मभर ऋणी आहे. आणि आत्ता मंत्रिमहोदय म्हणाले की तो कधी वाकला नाही. तो वाकला. एकदा वाकला. एकावन्न साली, मे महिन्यात, हॅल्सडेनच्या लॉन्ड्रीत बॉयलर फुटून नऊ बायका मेल्या. झडप बांधलेली होती आणि दार बाहेरून बंद होतं. मी ते लिहून त्याच्या हातात दिलं आणि त्यानं ते काट्यावर खोचलं. माझ्या पुस्तकात ज्यांच्यासाठी तुम्ही रडलात त्या ह्याच. कल्पित नव्हेत. नावं मात्र मी रचलेली होती. खरी नावं इथे दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि मला. तो मनातून वाईट माणूस असता तर विसरून गेला असता. तो विसरला नाही. म्हणून त्याच्या प्रार्थनेत ती म्हटली गेली पाहिजेत असं मला वाटतं. ह्या रस्त्यावर ती आजवर कुणी म्हटलेली नाहीत."

ह्यूगो अर्धा उठला होता. "एल्सी गार्थवेट," आयव्ही म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "अ‍ॅग्नेस डक्सबरी. मे टॅटर्सल." ह्यूगोनं वर, मागच्या सज्ज्याकडे, हात केला. "फ्लॉरी बिब्बी. नेली बिब्बी." ऑर्गन सुरू झाला. आधी एकच खालचा सूर, मग सगळे नळे एकदम. फरशी, लाकूड, तिच्या हाताखालचा पितळी कठडा, सगळं थरथरायला लागलं. तिनं आवाज चढवला. "हिल्डा क्रॉम्प्टन!" तिचं तिलाच ऐकू आलं नाही. लोक भजनाची पुस्तकं उघडून, सुटल्यासारखे, उभे राहू लागले. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. असं एखादीला पुसून टाकणं किती सभ्यपणे करता येतं! आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही, फक्त देवाचं संगीत. कठडा धरून ती उभी राहिली. उतरणार नव्हती ती. उचलून न्यावं लागलं असतं. ऐंशी किलोची बाई पायऱ्यांवरून उचलून न्यायला बिशप आणि दोन मंत्री पुरले नसते. "जोअन हॅलिवेल!" ती ओरडली. "विनी स्कोल्स! ग्रेटा लोमॅक्स!" संपली. नऊ झाली. आणि शेवटची चार कुणाच्याही कानावर गेली नव्हती.

तेव्हा लेडी केटलवेल उठली. आधी लोकांना वाटलं, गाण्यासाठी उठली. पण ती वळली, रांगेतून बाहेर आली, मधल्या वाटेवर उभी राहिली आणि हातातली काठी तिनं सज्ज्याच्या दिशेनं उचलून धरली. विनंती करायला धरतात तशी नव्हे, कुत्र्यावर उगारतात तशी. ऑर्गनवाला आरशातून पाहत असावा. सूर चुकला, अडखळला, आणि एकेक नळा दम सोडत गप्प झाला. शे-दोनशे माणसं पुस्तकं उघडून तशीच उभी.

"आई," ह्यूगो तिच्यापुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "बस ना. तुला त्रास होईल."

"त्रास?" बहिऱ्या माणसाचा आवाज तो, मोजमाप नसलेला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "दर हिवाळ्यात तो ह्या बाईचं ते पुस्तक काढायचा. वाचून झालं की आठवडा-आठवडा माझ्याशी बोलायचा नाही. मला वाटायचं, ह्यांचं दोघांचं काहीतरी होतं. तीस वर्षं मी तसं समजून राहिले. आज कुठे कळतंय काय ते, आणि तू बाजा वाजवायला लावतोस?"

ह्यूगो बसला. लेडी केटलवेल वळून वाटेवरून पुढे आली, पायऱ्यांच्या अगदी खालपर्यंत, आणि तिथे काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. वर मान करून तिनं आयव्हीच्या ओठांवर नजर रोखली. तिच्या चेहऱ्यावर प्रेम नव्हतं, क्षमाही नव्हती.

"मला एकही नाव ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हणा. आणि पुटपुटू नका."

आयव्हीनं कठड्यावरचे हात काढले. खाली डेन्झिल तेवढा उभा होता, बाकीचे एकेक करून बसत होते. लाकडाचे आवाज थांबेपर्यंत तिनं वाट पाहिली. मग आईशी बोलायची तशी, छातीच्या तळातून, प्रत्येक अक्षर सुटं करून ती ओरडली.

"एल्सी गार्थवेट!"

"हां," लेडी केटलवेल म्हणाली. "पुढची."